डार्विनची एक सवय

प्रतिभावंतांच्या सवयी म्हटलं की विक्षिप्तपणाचे किस्से आठवतात. चार्ल्स डार्विनची एक सवय मात्र अगदी साधी होती. आपल्या मताविरुद्ध जाणारं काही वाचनात आलं, दिसलं किंवा नुसतं सुचलं, तरी तो ते ताबडतोब टिपून ठेवी. सोयीच्या गोष्टी लक्षात राहतात, गैरसोयीच्या चटकन निसटतात, असा अनुभव त्याने १८७६ साली लिहिलेल्या आत्मचरित्रात सांगितला आहे.

याचा फायदा काय झाला? १८५९ साली ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ प्रसिद्ध झालं, तेव्हा पुढे घेतल्या गेलेल्या बहुतेक आक्षेपांचा विचार त्याने आधीच केलेला होता. डोळ्यासारखा गुंतागुंतीचा अवयव टप्प्याटप्प्याने कसा घडला असेल, हा अवघड प्रश्न त्याने स्वतःच पुस्तकात मांडला.

प्रयोगाचं उत्तर पुस्तकाशी जुळलं नाही, की आपल्या वर्गातली मुलं ते खोडतात. ते वहीत तसंच राहू दिलं तर?