आरसा हटल्यानंतरचे झूम

मिररलेस कॅमेऱ्यावर नित्य वापरासाठी कोणते झूम भिंग घ्यावे, या प्रश्नाचे उत्तर दुकानातील दरपत्रकापेक्षा त्या भिंगाच्या वंशावळीत अधिक नेमके सापडते, असे माझे मत आहे. कारण २४ ते १०५ मिलिमीटरचा जो पल्ला आज आपण गृहीत धरतो, तो भिंगकारांच्या हाती फार उशिरा आणि फार कष्टाने आला.

केंद्रांतर बदलणाऱ्या भिंगाचे पेटंट अमेरिकेत क्लाइल ॲलन यांच्या नावे १९०२ साली रुजू झाले, आणि १९३२ मध्ये ४० ते १२० मिलिमीटरचे ‘कुक व्हारो’ चलच्चित्रांच्या कॅमेऱ्यांसाठी आले; परंतु स्थिरचित्रणाच्या पस्तीस मिलिमीटर कॅमेऱ्याला झूमसाठी १९५९ पर्यंत वाट पाहावी लागली. त्या वर्षी आलेले ‘फोक्टलेंडर झूमार’ हे या कुळाचे मूळपुरुष. व्हिएन्नाहून अमेरिकेत गेलेल्या फ्रँक बॅक यांच्या रचनेचे हे भिंग ३६ ते ८२ मिलिमीटरच्या पल्ल्यात एफ/२.८ चे छिद्र कायम राखी. मात्र त्यासाठी आत चौदा काचा होत्या, आणि पुढचे तोंड इतके रुंद की ९५ मिलिमीटरचा फिल्टर बसवावा लागे.

हा पसारा हौसेचा नव्हता. केंद्रांतर बदलण्यासाठी काचांचा एक गट सरकवला की प्रतिमा फिल्मच्या प्रतलावरून ढळते, आणि तिला जागेवर आणावयाचे तर दुसऱ्या गटाने त्याच क्षणी, पण निराळ्या गतीने, सरकले पाहिजे. बॅक यांनी काही गट एकत्र जखडून हा मेळ बहुतांशी साधला; फ्रान्समध्ये पिएर आंजेनिओ यांनी नळीत वक्र खाचा कोरून प्रत्येक गटाला स्वतंत्र वाट आखून देण्याची पद्धत उत्कर्षाला नेली, आणि पुढे तीच सर्वत्र रूढ झाली. १९६३ मधील निकॉनचे ४३ ते ८६ हे भिंग सामान्य छायाचित्रकाराच्या हाती पडले. त्यातून ४३ वर टिपलेली भिंतीची सरळ कड बाहेर फुगलेली दिसे, आणि ८६ वर तीच कड आत खचे. तरीही गिऱ्हाइकाने सोयीपायी तो दोष पत्करला.

आता प्रश्न उरतो, की ही भिंगे ३६ वा ४३ पासूनच का सुरू होत? याचे एक मोठे कारण म्हणजे एसएलआरमधला आरसा. तो वर उचलला जाण्यासाठी जागा सोडणे भाग असे, आणि निकॉनच्या एफ बैठकीत भिंगाची बैठक फिल्मपासून ४६.५ मिलिमीटर दूर असे. विस्तृत कोनाच्या भिंगाला खरे तर फिल्मच्या निकट बसावयाचे असते. आंजेनिओ यांच्याच १९५० च्या ‘रेट्रोफोकस’ने पुढे किरण फाकवणारा गट बसवून ही अडचण दूर केली, पण त्यात आकार वाढला.

२००८ साली पॅनासॉनिकच्या जी१ ने आरसाच काढून टाकला. निकॉनच्या झेड बैठकीत आज ते अंतर अवघे १६ मिलिमीटर आहे. शिवाय दृश्य इलेक्ट्रॉनिक पडद्यावरून डोळ्यापर्यंत पोहोचत असल्याने फुगलेली कड तत्पूर्वीच गणिताने सरळ करता येते. ही मुभा मला मान्य आहे. पण कॅननच्या एफ/४–७.१ च्या २४–१०५ मध्ये २४ वर प्रतिमा कोपऱ्यापर्यंत पुरतच नाही आणि गणिताने ताणून बसवावी लागते, तेथे मुभेचा अतिरेक झाला असे मी समजतो.

म्हणून फुल-फ्रेम कॅमेऱ्यासाठी माझी शिफारस एफ/४ छिद्र कायम राखणाऱ्या २४–१०५ ची, किंवा निकॉनच्या २४–१२० ची आहे. एफ/२.८ चे २४–७० दुप्पट प्रकाश घेते खरे, परंतु लांबचा पल्ला गमावते, आणि दिवसभर गळ्यात बाळगायच्या भिंगात मला पल्ला अधिक मोलाचा वाटतो. २८ पासून सुरू होणाऱ्या झूमचा मोह मात्र टाळावा: २४ वर कर्णाचा दृष्टिकोन ८४ अंश असतो, २८ वर ७५, लांबच्या टोकाला काही उणे पडले तर चित्राची कड कापून ते भरून काढता येते, पण चाळीतल्या दहा फुटी खोलीत पाठ भिंतीला टेकल्यावर ते नऊ अंश कोठूनही मिळत नाहीत.