अभंग वस्तूचा शोध

हल्ली मुले संगणकावर एक खेळ खेळतात. वाळू, पाणी, आग, धातू घ्यायचे आणि मनासारखी रचना करून तिच्यावर स्फोट घडवायचे. ‘पावडर टॉय’ नावाच्या खेळात तर हिरा अविनाशीच मानला आहे. न फुटणारी भिंत कशी बांधावी, यावर पोरे तासन्‌तास डोके चालवितात. ही हौस जुनीच आहे.

खऱ्या हिऱ्याची गोष्ट मात्र निराळी. १७७२ साली लाव्हाझिए या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने भिंगातून सूर्याचे ऊन एकवटून हिरा जाळून दाखविला. आणि नेमका घाव बसला, तर हातोड्यानेही हिऱ्याचे तुकडे होतात. कठीणपणा वेगळा, चिवटपणा वेगळा.

आपल्या दारचा दाखला घ्या. सुलतानपूरजवळच्या लोणारचा काळा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. त्यावर पहार मारली तर आपल्याच हाताला झिणझिण्या येतात. त्या पाषाणात एका अशनीने सुमारे १.८ किलोमीटर रुंदीचे विवर पाडले. पुष्कळ काळ ते ज्वालामुखीचे समजले जाई. १९७३ साली फ्रेडरिक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथील दगडातील आघाताच्या खुणा प्रसिद्ध केल्या. काही स्फटिक न वितळताच, केवळ दाबाने काचरूप झाले होते. म्हणजे अभंग असे काही नसते. त्याला भारी पडणारा घाव अजून बसलेला नसतो, इतकेच.

हे विसरले की माणसे मरतात. १८६५ साली अमेरिकेत मिसिसिपी नदीवर ‘सुलताना’ नावाची आगबोट होती. परवानगी ३७६ माणसांची; भाड्याच्या लोभाने दोन हजारांहून अधिक भरली. बॉयलरला चीर गेली होती, तिच्यावर मूळ पत्र्यापेक्षा पातळ ठिगळ घाईने मारले. बॉयलर फुटले आणि अकराशेहून अधिक माणसे गेली.

शहाण्या कारागिरांनी यातून उलटी युक्ती काढली. न फुटणारा बॉयलर करता येत नाही, तर त्यात एक जागा मुद्दाम दुबळी ठेवावी. फ्युजिबल प्लगमध्ये लवकर वितळणारा धातू असतो. पाणी खाली गेले की तो वितळतो, वाफ भट्टीत शिरते, आग दबते आणि सर्वांना इशारा मिळतो. आपल्या देशात १९२३ साली बॉयलरचा कायदा झाला, त्याच्या मुळाशीही हीच धास्ती होती.

एका तेलगिरणीत हा प्लग वारंवार वितळे. काम अडते म्हणून तेथे लोखंडी बोल्ट ठोकण्याचा हुकूम सुटला. आमच्या फायरमनने भट्टी पेटविण्यास नकार दिला आणि बाकीचे त्याच्यामागे उभे राहिले. तिसऱ्या दिवशी पाण्याचा पंप दुरुस्त झाला, नवा प्लग बसला. दोन दिवसांची मजुरी बुडाली. माणूस एकही गेला नाही.

मुलांनी अभंग भिंती खुशाल बांधाव्यात. आपण मोठ्यांनी मात्र प्रत्येक यंत्रापुढे उभे राहून एवढेच विचारावे : हे आधी कोठे तुटेल, आणि त्या वेळी तेथे कोण उभे असेल?