शालेय दंतसेवा, न्यूझीलंडमधील

शालेय विद्यार्थ्यांच्या दातांची नियमित तपासणी व चिकित्सा करण्यासाठी न्यूझीलंड शासनाने १९२१ मध्ये सुरू केलेली सार्वजनिक आरोग्य योजना. पदवीधर दंतवैद्याऐवजी दोन वर्षांचे शिक्षण घेतलेल्या परिचारिकेच्या हाती मुलांचे दात भरण्याचे व काढण्याचे काम सोपविणारी ही जगातील पहिली शासकीय योजना होय. मुलांचे दंतारोग्य ही कुटुंबाची खाजगी बाब आहे की शासनाची जबाबदारी आहे, आणि ती शासनाची असल्यास ते काम कोणी करावयाचे, या दोन प्रश्नांची इतकी स्पष्ट उत्तरे तोवर कोणत्याही देशाने दिली नव्हती. त्यामुळे या योजनेची जगभर जितकी वाखाणणी झाली, तितकाच तिला विरोधही झाला.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात यूरोपात साखर स्वस्त झाली आणि गिरणीत दळलेले पांढरे पीठ सर्वसामान्यांच्या आहारात आले. तेव्हापासून दंतक्षय हा श्रीमंतांचा रोग न राहता सर्व थरांतील मुलांचा रोग झाला. स्कॉटलंडमधील डंडी येथील विल्यम फिशर या दंतवैद्याने १८८५ मध्येच शाळकरी मुलांच्या दातांकडे सक्तीने लक्ष पुरविले जावे, अशी मागणी केली होती. शालेय मुलांसाठी पहिले नगरपालिकीय दंतचिकित्सालय एर्न्स्ट येसेन (१८५९–१९३३) यांच्या पुढाकाराने १९०२ मध्ये स्ट्रासबर्ग येथे निघाले. हे शहर त्या वेळी जर्मन साम्राज्यात होते. इंग्लंडमधील असे पहिले चिकित्सालय १९०७ मध्ये केंब्रिज येथे सुरू झाले. अमेरिकेत ॲल्फ्रेड फोन्स (१८६९–१९३८) यांनी कनेक्टिकट राज्यातील ब्रिजपोर्ट येथे १९१३ मध्ये दंतस्वच्छतातज्ञ स्त्रियांचा शिक्षणवर्ग काढून त्यांना शाळांमध्ये पाठविले. मात्र या स्त्रिया फक्त दात स्वच्छ करीत व मुलांना दात घासण्याचे धडे देत. किडलेला दात कोरून भरण्याचा अधिकार त्यांना नव्हता. यूरोपातील चिकित्सालयांत तो अधिकार दंतवैद्याकडेच होता, आणि दंतवैद्यांची संख्या अपुरी असल्यामुळे ती चिकित्सालये थोड्याच मुलांपर्यंत पोहोचत होती.

न्यूझीलंडमध्ये ही अडचण अधिक तीव्र होती. १९२१ च्या सुमारास देशाची लोकसंख्या बारा-तेरा लाखांच्या घरात होती आणि तीही दोन मोठ्या बेटांवर विखुरलेली होती. दंतवैद्य शहरांत राहत. मेंढपाळांच्या व दुग्धव्यावसायिकांच्या वस्त्यांतील मुलांच्या वाट्याला दात ठणकू लागल्यावर तो उपटून टाकण्यापलीकडे काही येत नसे. न्यूझीलंड दंतवैद्य संघाचे अध्यक्ष नॉर्मन कॉक्स यांनी १९१३ मध्ये मुलांसाठी शासकीय दंतचिकित्सालयांची कल्पना मांडली. ड्यूनीडिन येथील ओटागो विद्यापीठात १९०७ मध्ये दंतवैद्यकाचे विद्यालय निघाले, तथापि तेथून बाहेर पडणाऱ्या पदवीधरांची संख्या देशातील सर्व मुलांना पुरेल अशी नव्हती. पहिल्या महायुद्धात सैन्यभरतीसाठी आलेल्या तरुणांच्या तोंडांची तपासणी झाली, तेव्हा वर्षानुवर्षांच्या दुर्लक्षाचा परिणाम एकदम उघड झाला. वरकरणी धडधाकट दिसणाऱ्या तरुणांपैकी अनेकांचे दात इतके किडलेले होते, की उपचार केल्याशिवाय त्यांना आघाडीवर पाठविणे शक्य नव्हते.

सैनिकी दंतसेवेचे प्रमुख टॉमस अँडरसन हंटर (१८६३–१९५८) हे या योजनेचे खरे शिल्पकार. युद्धानंतर आरोग्य खात्यात दंतारोग्याचा स्वतंत्र विभाग निघाला व त्याची सूत्रे त्यांच्याकडे आली. हंटर यांचा युक्तिवाद साधा होता : मुलांच्या दातांवरील बहुतेक कामे ठराविक स्वरूपाची असतात, त्यांसाठी संपूर्ण दंतवैद्यकीय शिक्षणाची गरज नसते, निवडक कामे नीट शिकविली, तर एखादी तरुण स्त्री ती दंतवैद्याइतक्याच सफाईने करू शकेल. स्त्रियांना मुलांशी अधिक ममतेने वागता येते, असेही कारण देण्यात येई. त्या समजुतीइतकेच त्यांना देता येणारे कमी वेतनही शासनाच्या दृष्टीने महत्त्वाचे होते, हे मात्र क्वचितच उघडपणे बोलले गेले. दंतवैद्य संघाच्या १९२० मधील विशेष सभेत हा प्रस्ताव १६ विरुद्ध ७ मतांनी संमत झाला. व्यवसायातील मंडळींनीच आपल्या अधिकाराचा एक भाग स्वेच्छेने दुसऱ्यांच्या हाती द्यावा, ही घटना कोणत्याही देशाच्या वैद्यकीय इतिहासात विरळाच. सर्वच सभासदांना ती रुचली होती असे नाही. अर्धशिक्षित हातांत मुलांना देणे हे अधोगतीचे पाऊल आहे, असे म्हणणारेही होते.

पहिला वर्ग १९२१ मध्ये वेलिंग्टन येथे भरला आणि त्यातून १९२३ मध्ये २९ शालेय दंतपरिचारिका बाहेर पडल्या. दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात दातांची रचना, दंतक्षयाची कारणे, पोकळी कोरून भरणे, दुधाचे दात काढणे, स्थानिक संवेदनाहारकाचा वापर आणि आरोग्यशिक्षण हे विषय असत. शिक्षण संपल्यावर काही वर्षे शासकीय नोकरी करण्याचे बंधन होते. परिचारिकेची नेमणूक शाळेच्या आवारातील एका लहान चिकित्सालयात होई आणि साधारणपणे पाचशे मुलांची जबाबदारी तिच्याकडे असे. दर सहा महिन्यांनी प्रत्येक मुलाला बोलावून ती स्वतः निदान करी व उपचारही स्वतःच करी. दंतवैद्य अधिकारी अधूनमधून पाहणीसाठी येत. अवघड रुग्ण तेवढा बाहेरच्या दंतवैद्याकडे पाठविला जाई. चिकित्सालयाची देखभाल व खर्चाचा काही भार पालकांच्या व स्थानिक नागरिकांच्या समित्यांनी उचललेला असे. योजना आपल्या गावाची आहे, ही भावना रुजण्यास त्याचा मोठा उपयोग झाला.

उपचार मात्र सुखाचे नव्हते. सुरुवातीच्या काळात बहुतेक चिकित्सालयांत शिवणयंत्राप्रमाणे पायाने चालविण्याचे दात कोरण्याचे यंत्र असे. त्याची गती मंद असल्यामुळे कोरण्यास वेळ लागे व दात हादरत राही. दात भरताना संवेदनाहारक टोचण्याचा प्रघात नव्हता. शुभ्र, कडक इस्त्रीच्या गणवेशातील परिचारिका वर्गाच्या दारात आली, की आता कोणाचा क्रम, या धास्तीने वर्ग चिडीचूप होई. मुलांनी त्या इमारतीला ‘खुनाचे घर’ या अर्थाचे ‘मर्डर हाउस’ हे नाव दिले आणि ते पिढ्यान्‌पिढ्या टिकले. भित्तिपत्रके, बाहुल्या व गोष्टी यांच्या साहाय्याने मुलांची भीती घालविण्याचा प्रयत्न खात्याने केला. पण ते नाव काही पुसले गेले नाही.

आर्थिक मंदीच्या काळात योजनेचा विस्तार खुंटला. १९३५ मध्ये मजूर पक्षाचे सरकार आल्यानंतर तिला पुन्हा गती मिळाली. वेलिंग्टन येथील विलिस रस्त्यावर १९४० मध्ये परिचारिकांच्या शिक्षणसंस्थेची मोठी वास्तू उभी राहिली. पुढे ऑक्लंड (१९५२) व क्राइस्टचर्च (१९५६) येथेही अशा संस्था निघाल्या. शालेय वय ओलांडलेल्या किशोरांना खाजगी दंतवैद्याकडून मिळणाऱ्या उपचारांचा खर्च १९४७ पासून शासन देऊ लागले. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या दशकांत देशातील बहुसंख्य प्राथमिक विद्यार्थी या सेवेच्या कक्षेत आले होते, आणि उपचारांविना राहिलेला किडका दात मुलाच्या तोंडात सापडणे दुर्मिळ झाले होते.

या यशाची वार्ता पसरताच परदेशी निरीक्षक येऊ लागले. अमेरिकेतील जॉन फुल्टन यांनी प्रत्यक्ष पाहणी करून लिहिलेला अहवाल जागतिक आरोग्य संघटनेने १९५१ मध्ये प्रसिद्ध केला. परिचारिकांच्या कामाचा दर्जा त्यांना समाधानकारक वाटला. अमेरिकेत मात्र वातावरण वेगळे होते. मॅसॅचूसेट्स राज्याने १९४९ मध्ये बॉस्टनच्या फॉर्साइथ दंतचिकित्सालयाला असाच प्रयोग करण्याची कायद्याने अनुज्ञा दिली. परंतु दंतवैद्यांच्या संघटनांनी एवढे काहूर माजविले, की पुढच्याच वर्षी तो कायदा रद्द करावा लागला. त्याच चिकित्सालयात १९७० नंतर दुसरा प्रयोग झाला व त्याचे निष्कर्ष चांगले असूनही तो बेकायदेशीर ठरून थांबला. कामाच्या गुणवत्तेपेक्षा व्यवसायाच्या सीमारेषेचीच चिंता तेथे अधिक होती, असे दिसते. ज्या देशांत दंतवैद्य अगदीच थोडे होते, त्यांनी न्यूझीलंडचे अनुकरण लवकर केले. मलायातील पेनांग व श्रीलंकेतील (तेव्हाचे सिलोन) महरगम येथे १९४९ मध्ये परिचारिकांचे शिक्षण सुरू झाले. लंडन येथे न्यू क्रॉस रुग्णालयात १९६० मध्ये साहाय्यक वर्गासाठी शिक्षणसंस्था निघाली, पण त्यांना दंतवैद्याने लिहून दिलेले उपचार तेवढे करण्याची मुभा होती. कॅनडातील सस्कॅचवन प्रांताची १९७४ मध्ये सुरू झालेली योजना लोकप्रिय असूनही १९८७ मध्ये बंद करण्यात आली. भारतात १९४८ च्या दंतवैद्य अधिनियमात दंतवैद्य, दंतस्वच्छतातज्ञ व दंतयांत्रिक असे तीन वर्ग धरले गेले. मुलांचे दात भरणाऱ्या परिचारिकेला त्यात स्थान मिळाले नाही.

योजनेची खरी परीक्षा तिच्या यशातूनच उभी राहिली. परिचारिकेचे काम मुख्यतः भरलेल्या दातांच्या संख्येवरून मोजले जाई. जेथे दाढेच्या खाचेत शंका येईल तेथे ती कोरून पारदमेलाने भरून टाकणे, हाच शिरस्ता पडला होता. त्यामुळे न्यूझीलंडमधील मुलांच्या तोंडात न भरलेले किडके दात फारच थोडे, पण भरलेले दात फार, असे विचित्र चित्र दिसू लागले. एकदा कोरलेला दात पुन्हा पूर्वीसारखा होत नाही. भरण कालांतराने निखळते व प्रत्येक वेळी पोकळी थोडी मोठी करावी लागते. शाळेत इतकी काळजी घेतलेल्या पिढ्यांमध्येही प्रौढ वयात सर्व दात काढून कवळी बसविणाऱ्यांचे प्रमाण मोठे राहिले. उपचारांची व्याप्ती म्हणजे आरोग्य नव्हे, ही गोष्ट खात्याला उशिरा उमगली. साखरेचा खप, पिण्याच्या पाण्यातील फ्ल्युओराइडाचे प्रमाण व घरच्या सवयी यांवर चिकित्सालयातील कोरणीचा काही परिणाम होत नव्हता. हेस्टिंग्ज शहरात १९५० नंतर पाण्यात फ्ल्युओराइड मिसळण्याचा प्रयोग सुरू झाला. त्याच्या पद्धतीविषयी पुढे वाद झाले, तरी इतर शहरांनी त्याचे अनुकरण केले. १९७० नंतर फ्ल्युओराइडयुक्त दंतमंजनांचाही प्रसार झाला. १९७५ नंतरच्या काळात निदानाचे निकष बदलण्यात आले आणि अगदी प्रारंभिक किडीवर हत्यार न चालविता लक्ष ठेवण्याचे धोरण आले. त्यानंतर भरणांची संख्या झपाट्याने घटली. त्या घटीतील किती भाग रोग कमी झाल्यामुळे आणि किती निकष बदलल्यामुळे, याची वाटणी करणे सोपे नाही.

परिचारिकांच्या स्वतःच्या स्थितीकडे तर बराच काळ कोणाचे लक्ष गेले नाही. निदान व शस्त्रक्रिया यांची जबाबदारी त्यांच्यावर होती. वेतन व बढतीची संधी मात्र अल्प होती आणि सेवेतील वरिष्ठ पदे दंतवैद्य पुरुषांकडे असत. विवाहानंतर पुष्कळजणी नोकरी सोडत, म्हणून हे असेच चालायचे, असे गृहीत धरले गेले होते. १९७४ मध्ये वेतनवाढीच्या मागणीसाठी दंतपरिचारिकांनी गणवेशात वेलिंग्टनच्या संसदभवनावर मोर्चा नेला. शिस्तप्रिय व अबोल समजल्या जाणाऱ्या या वर्गाने रस्त्यावर यावे, याचे लोकांना मोठे आश्चर्य वाटले.

मुलांमधील दंतक्षय घटू लागल्यावर ऑक्लंड व क्राइस्टचर्च येथील शिक्षणसंस्था १९८० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत बंद झाल्या. परिचारिकेऐवजी ‘दंतचिकित्सक’ अशा अर्थाचे नवे पदनाम आले व पुरुषांनाही प्रवेश मिळाला. १९९९ पासून हे शिक्षण ओटागो विद्यापीठात देण्यात येऊ लागले. २००३ च्या अधिनियमाने या वर्गाची नोंदणी होऊन त्यांना स्वतंत्र व्यावसायिक म्हणून मान्यता मिळाली. त्यानंतर पदवी अभ्यासक्रम सुरू झाले. शाळांच्या आवारातील जुन्या चिकित्सालयांपैकी पुष्कळशी बंद करून त्यांच्या जागी मोठी सामुदायिक केंद्रे व फिरती पथके आणण्याचे काम २००६ नंतर हाती घेण्यात आले. शाळेतील चिकित्सालय गेल्यामुळे मुलाला केंद्रावर नेण्याचा भार पुन्हा पालकांवर आला. माओरी व पॅसिफिक बेटांवरून आलेल्या कुटुंबांतील मुलांमध्ये दंतक्षयाचे प्रमाण अजूनही इतरांपेक्षा बरेच जास्त आहे. अलास्कातील दुर्गम वस्त्यांमधील मूळ रहिवाशांसाठी २००३ मध्ये काही विद्यार्थी ड्यूनीडिन येथे शिकावयास पाठविण्यात आले. ते परतून काम करू लागताच अमेरिकेतील दंतवैद्य संघटनेने त्यांच्याविरुद्ध न्यायालयात धाव घेतली. तथापि हा उपक्रम टिकला आणि अमेरिकेतील अन्य काही राज्यांनीही पुढे या वर्गाला कायदेशीर मान्यता दिली. [→ दंतवैद्यक].