फळबागांतील तणनाशके : परवानगी, परिणाम आणि पथ्ये

नवी दिल्ली : नागपूरच्या संत्र्याची बाग असो वा नाशिकचा द्राक्षमळा, तेथील तणावर कोणते रसायन फवारता येईल, हे राजधानीलगतच्या फरिदाबाद येथून ठरते. केंद्रीय कीटकनाशक मंडळ व नोंदणी समितीचे सचिवालय तेथे आहे. कीटकनाशक कायदा, १९६८ अन्वये तणनाशकांचीही नोंदणी बंधनकारक आहे. ही नोंदणी पीकनिहाय असते. कोणत्या पिकात, कोणत्या तणांसाठी व किती मात्रेत वापर करावा, हे वेष्टनावर नमूद करावे लागते. यालाच शेतकरी ‘लेबल क्लेम’ म्हणतात. त्यामुळे दुकानात मिळणारे प्रत्येक तणनाशक बागेसाठी मान्य असतेच, असे नाही.

ग्लायफोसेटचा पेच

ग्लायफोसेट हे याचे ठळक उदाहरण होय. भारतात त्याला चहाचे मळे व पीक नसलेली जमीन यांसाठी मान्यता आहे. द्राक्ष वा संत्र्यासाठी नाही. तरीही हरळी, लव्हाळा यांसारख्या चिवट तणांवर ते परिणामकारक असल्याने बागांमध्ये त्याचा वापर होत आला. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये त्याचा समावेश ‘संभाव्य कर्करोगकारक’ गटात केला. युरोपीय संघाने मात्र नोव्हेंबर २०२३ मध्ये त्याच्या परवानगीस १० वर्षांची मुदतवाढ दिली.

केंद्रीय कृषी मंत्रालयाने जुलै २०२० मध्ये निर्बंधांचा मसुदा प्रसिद्ध केला. ऑक्टोबर २०२२ च्या अधिसूचनेनुसार हे रसायन केवळ कीड नियंत्रण व्यावसायिकांमार्फतच वापरता येते. असे व्यावसायिक प्रामुख्याने शहरांतील घरे व गोदामांत काम करतात. त्यामुळे गावपातळीवर या नियमाची अंमलबजावणी हा खरा प्रश्न आहे.

रसायनांचे कार्य

ग्लायफोसेट आंतरप्रवाही आहे. पानांतून ते मुळांपर्यंत पोहोचते. त्याचे तुषार कोवळ्या वेलीच्या हिरव्या खोडावर वा फुटव्यांवर पडल्यास तणाबरोबर वेलही बाधित होते.

पॅराक्वाट स्पर्शजन्य असून द्राक्षासाठी त्याची नोंद आहे. ते तणाचा हिरवा भाग जाळते. भूमिगत गाठी व मुळे जिवंत राहिल्याने लव्हाळा पुन्हा फुटतो. ते पोटात गेल्यास फुप्फुसे निकामी होतात आणि त्यावर उतारा उपलब्ध नाही. युरोपीय संघात २००७ पासून त्यास मनाई आहे.

ड्युरॉन जमिनीत कार्य करते. द्राक्ष व मोसंबीसाठी त्याची नोंद असली, तरी हलक्या जमिनीत ते पाण्याबरोबर झिरपून पिकाच्या मुळांपर्यंत पोहोचू शकते. मे २०२० मध्ये केंद्राने बंदीसाठी प्रस्तावित केलेल्या २७ रसायनांत त्याचा समावेश होता.

शेजारच्या शेतातून येणारा धोकाही मोठा आहे. उसावर फवारलेल्या २,४-डी या तणनाशकाचे तुषार वाऱ्याने द्राक्षमळ्यात आल्यास पाने पंख्यासारखी आकसतात व वाढ खुंटते.

निर्यातीची अट

युरोपीय संघात ज्या रसायनासाठी स्वतंत्र मर्यादा निश्चित नाही, त्याचा अंश प्रतिकिलो ०.०१ मिलिग्रॅमपेक्षा अधिक चालत नाही. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट या वाढनियंत्रकाच्या अंशामुळे भारतीय द्राक्षे युरोपात अडली होती. ते तणनाशक नव्हते. मात्र एका रसायनाच्या अंशाने संपूर्ण हंगाम संकटात येऊ शकतो, हे त्यातून स्पष्ट झाले.

घ्यावयाची दक्षता

तणनाशकासाठी स्वतंत्र पंप ठेवावा. वारा शांत असताना, नोझलवर संरक्षक टोपी बसवून, जमिनीलगत फवारणी करावी. हातमोजे, मुखपट्टी व बूट वापरावेत. एकच रसायन वर्षानुवर्षे वापरू नये. हरियाणात गव्हातील ‘गुल्ली डंडा’ या तणाने १९९० च्या दशकात आयसोप्रोट्युरॉनला दाद देणे थांबवले, हा अनुभव बोलका आहे.

संत्रावर्गीय झाडांची तंतुमुळे वरच्या थरात असल्याने खोल मशागतीने ती तुटतात. अशा बागांत गवत कापून त्याचेच आच्छादन करणे, दोन ओळींत ताग वा धैंचा घेणे आणि तण फुलोऱ्यापूर्वी काढणे हे उपाय उपयुक्त ठरतात. रसायन वापरावयाचेच झाल्यास वेष्टनावरील पिकाचे नाव वाचणे व खरेदीची पावती जपणे, ही पहिली पायरी होय.