शनिवार तेली आणि पाच रंगांचा आठवडा



आम्ही मुंबईच्या शाळेत असताना वह्यांना ‘सोव्हिएत लँड’ मासिकाच्या गुळगुळीत पानांची कव्हरे घालीत असू. त्या पानांवर हसतमुख कामगार आणि नवे कारखाने असत. कामगारांचे राज्य म्हटले की आमच्या डोळ्यांपुढे तीच चित्रे येत. त्या चित्रांत कधी न दिसलेली एक हकीकत आज सांगावयाची आहे. ती सुट्टीच्या दिवसाची आहे, म्हणून आपल्या समाजाला ती जवळची वाटेल.

१९२९ साली रशियात पहिली पंचवार्षिक योजना चालू होती. यंत्रे एक दिवसही थांबू नयेत, अशी कल्पना युरी लारिन यांनी त्या वर्षी मे महिन्यात मांडली आणि ऑगस्टात सरकारी हुकूम निघाला. सात दिवसांचा आठवडा मोडून पाच दिवसांचा केला. कामगारांचे पाच गट पाडून प्रत्येकाला पिवळा, गुलाबी, लाल, जांभळा, हिरवा असा रंग दिला. चार दिवस काम आणि पाचव्या दिवशी सुट्टी; पण प्रत्येक रंगाची सुट्टी निराळ्या दिवशी. त्यामुळे कोणत्याही दिवशी शंभरातले ऐंशी कामगार कामावर असत. सुट्टी आता लवकर मिळते, असा प्रचार झाला. रविवार गेला की लोकांची प्रार्थनेची सवयही जाईल, हा हेतू त्यामागे होताच.

घरात काय झाले? नवरा पिवळ्या गटात, बायको हिरव्या गटात, मुलांची शाळा तिसऱ्याच हिशेबाने. सुट्टी मिळे, पण घरी कोणी नसे. लोकांनी तक्रारी केल्या. शब्बाथ पाळणाऱ्या यहुद्याचा हिशेब करून पाहा: पाच दिवसांनी येणारी सुट्टी शनिवारी पडावयाची ती पाच आठवड्यांतून एकदाच.

यंत्रांचेही भले झाले नाही. एकाच यंत्रावर अनेकांचे हात फिरू लागले, मग जबाबदारी कोणाचीच राहिली नाही, आणि दुरुस्तीला वेळ मिळेना. १९३१ च्या अखेरीस सहा दिवसांचा आठवडा करून ६, १२, १८, २४ आणि ३० या तारखांना सर्वांना एकत्र सुट्टी दिली. २६ जून १९४० रोजी सात दिवसांचा आठवडा व रविवार परत आले. परंतु त्याच हुकुमाने परवानगीवाचून नोकरी सोडणे आणि वीस मिनिटांहून अधिक उशिरा येणे हा गुन्हा ठरला. तो कायदा १९५६ साली उठला.

आपल्या मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांची संघटना उभारली, आणि १० जून १८९० रोजी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. ती वरून लादलेली नव्हती, मागून घेतलेली होती. आणि आपले कोकणातले पूर्वज? त्यांचा तेलाचा घाणा शनिवारी बंद असे, एवढ्यावरूनच शेजाऱ्यांनी त्यांना ‘शनिवार तेली’ म्हटले. पुस्तके हरवली, भाषा विसरली, पण तो दिवस राहिला.

आम्ही दुबईत नर्स म्हणून आलो तेव्हा सुट्टी शुक्रवारची असे. इस्पितळात तर ड्यूटीचा तक्ता लागेल तोच आपला दिवस. यजमानांची सुट्टी एक, आमची दुसरी. शनिवारची रजा मागत असू, कारण मात्र कधी सांगितले नाही. बहुतेक वेळा ती मिळत नसे. रात्रपाळीहून येऊन झोपलेल्या मुलांची तोंडे पाहिली आहेत. रोग्याला वार नसतो, हे आम्हांला मान्य आहे. पण त्या पाच रंगांच्या घरांत काय चालले असेल, ते आम्हांला पुस्तकावाचून कळते.

या देशातही सरकारी सुट्टी बदलत आली. २००६ साली ती शुक्रवार-शनिवार झाली, आणि १ जानेवारी २०२२ पासून संघराज्याच्या कचेऱ्यांना शुक्रवारी अर्धा दिवस आणि शनिवार-रविवार सुट्टी असते. आम्ही निवृत्त झालो, तेव्हा आता शनिवार आमचाच. मुले मात्र दूर देशी.

तरुण वाचकांना एवढेच सांगणे की, कामाचे कोणी कितीही सुंदर चित्र दाखविले तरी एक प्रश्न विचारावा: यात घरची माणसे एका ताटाभोवती केव्हा बसणार? ज्यांना हल्ली शनिवार सहज मिळतो, त्यांनी तो फुकट घालवू नये.