पाच फुलांचे वजन

आमच्या घरी दिवाळीत शेवंतीच्या वेण्या येत. नरकचतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगस्नाने उरकली, की आई घरातल्या साऱ्याजणींना त्या वाटी. आजी विधवा, तिला वेणी नाही, हे आम्हां मुलींना कुणी सांगावे लागत नसे. पण आत्यालाही वेणी नसे, याचे मात्र मला नवल वाटे. आत्या मुलींच्या शाळेत शिकवी. वय चाळिशीपुढचे, लग्न झालेले नव्हते. पगार झाला की तो आजीच्या हाती ठेवी. १९५५ च्या दिवाळीत मी तिला विचारले, “आत्या, तुला वेणी नको का गं?” ती हसून म्हणाली, “घातली तर लोक विचारतील, कुणासाठी? नाही घातली तर कुणी काही विचारत नाही.”

या उत्तराचा अर्थ मला फार उशिरा, मराठी कथेचा इतिहास वाचू लागले तेव्हा कळला.

आपल्या जुन्या गोष्टींत पाच फुलांच्या वजनाची एक राणी आहे. मुंबईचे गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांची कन्या मेरी हिने आपल्या आयेकडून, ॲना लिबराटा डिसूझा हिच्याकडून, ऐकलेल्या गोष्टींचे इंग्रजी पुस्तक १८६८ साली काढले. त्यातही ही पंचफूल राणी भेटते. लहानपणी अशा राणीचा नाजूकपणा गोड वाटतो. पुढे ध्यानात येते, की फुले असोत की राणी, तराजू धरणारा हात दुसऱ्याचाच!

घरोघरची रीतही काही निराळी नव्हती. कुमारिकेने फूल माळावे, सुवासिनीने तर माळलेच पाहिजे आणि विधवेने त्याला शिवू नये. डोक्याकडे पाहिले, की बाई कोणाची कोण हे न विचारता समजे. फूल हा शृंगार खरा. पण तो बाईच्या संसाराचा दाखलाही होता.

आपली कथा या घरांतच वाढली. १८९० साली हरिभाऊ आपट्यांनी ‘करमणूक’ सुरू केले, १८९५ साली काशिनाथ रघुनाथ मित्रांनी ‘मनोरंजन’. याच ‘मनोरंजन’ने १९०९ साली पहिला दिवाळी अंक काढला, वाचकहो, आज तुमच्या हाती असलेल्या अंकाचा तो पूर्वज. त्या काळच्या लेखकांना स्त्रीच्या दुःखाची जाण नव्हती, असे मी म्हणणार नाही. ‘पण लक्षात कोण घेतो?’ मध्ये हरिभाऊंनी विधवेच्या केशवपनाचे दुःख मांडले, तेव्हा कितीतरी घरे हळहळली असतील. पण कन्या, पत्नी, विधवा या तीन कप्प्यांबाहेर एक चौथी बाई हळूहळू उभी राहत होती. महर्षी कर्व्यांनी १९१६ साली महिला विद्यापीठ स्थापले. मुली शिकल्या, नोकरी करू लागल्या. त्यांतल्या काहींचे हुंड्यापायी लग्न लांबले आणि धाकट्या भावंडांचे शिक्षण त्यांच्या पगारावर चालले. अशा बाईने फूल माळावे की नाही? रीत याबाबतीत मुकी होती.

१९३३ साली ह. वि. मोटे यांनी ‘कळ्यांचे निःश्वास’ हा कथासंग्रह प्रसिद्ध केला. लेखिका, विभावरी शिरूरकर. त्यातल्या एका कथेचे नावच ‘बाबांचा संसार माझा कसा होणार?’ असे आहे. शिकलेल्या, मिळवत्या, अविवाहित मुलींचे मन, त्यांच्या देहाच्या इच्छेसकट, येथे उघडपणे बोलले. केवढे वादळ उठले! ही विभावरी कोण, याचे तर्कवितर्क सुरू झाले.

मला त्या नावातला दुसरा शब्द मोलाचा वाटतो. कुमारिकेला कळी म्हणणे जुनेच. कळीने उमलायचे आणि सुगंध दुसऱ्याला द्यायचा, एवढेच तिचे काम. निःश्वास मात्र कळीचा स्वतःचा आहे. तो कुणाला द्यायचा नसतो. तरीही एक गोष्ट खटकते. लग्न न झालेली बाई म्हणजे न उमललेली कळी, हा हिशेब या नावानेही मोडलेला नाही. आत्या चाळिशीतही कळीच होती काय?

विभावरी म्हणजे रात्र. या रात्रीआड हिंगण्याच्या कन्याशाळेतल्या शिक्षिका बाळूताई खरे होत्या. १९३८ साली विश्राम बेडेकरांशी विवाह झाल्यावर त्या मालती बेडेकर झाल्या. मालती हे पुन्हा एका फुलवेलीचे नाव! परंतु १९५० साली त्यांची ‘बळी’ ही कादंबरी आली ती विभावरी या नावानेच. गुन्हेगार ठरवलेल्या जमातींच्या वसाहतीत त्यांनी अधिकारी म्हणून काम केले होते; ‘बळी’ तारेच्या कुंपणाआडच्या त्या माणसांची कथा आहे. तिच्या नावात फूल नाही, कळीही नाही. २००१ साली, नव्वदी ओलांडून, त्या गेल्या. आडून लिहिण्यासाठी घेतलेले नावच शेवटी त्यांची खरी ओळख ठरले.

आत्या गेल्यावर तिची ट्रंक मी आवरली. तळाशी खाकी कागदाचे वेष्टन घातलेले एक पुस्तक होते. वेष्टनावर तिच्या सुबक अक्षरात ‘भूगोल’ असे लिहिलेले; आत ‘कळ्यांचे निःश्वास’. एकाच घरात आम्ही इतकी वर्षे राहिलो, पण त्या पुस्तकाबद्दल ती कधी बोलली नाही आणि मीही तिला कधी काही विचारले नाही. त्या एका वेणीच्या प्रश्नापलीकडे मी तिला काय विचारले होते?

माझे यजमान जाऊन आता सहा वर्षे झाली. गेल्या दिवाळीत नातीने शेवंतीची वेणी आणली आणि म्हणाली, “आजी, घालू का?” दारात शेजारच्या बाई फराळाचे ताट घेऊन उभ्या होत्या. क्षणभर मी त्यांच्याकडे पाहिले. मग नातीकडे पाठ करून बसले आणि म्हणाले, “घाल. जरा घट्ट खोच, पडेल नाहीतर.”