दैनिक जैविक लय, रोगप्रतिकारशक्ती आणि गर्भारपण

दैनिक जैविक लय म्हणजे सुमारे २४ तासांच्या चक्रात शरीरात नियमितपणे घडणाऱ्या बदलांचा क्रम होय. झोप, शरीराचे तापमान, रक्तदाब आणि संप्रेरकांचे स्रवण या लयीनुसार बदलत राहते. रोगप्रतिकारशक्ती व गर्भारपण यांच्याशीही तिचा निकटचा संबंध आहे.

नियंत्रण

शरीराचे मुख्य घड्याळ म्हणजे मेंदूच्या हायपोथॅलॅमस या भागातील सुमारे २०,००० चेतापेशींचा समूह होय. दृष्टिपटलाकडून येणाऱ्या प्रकाशसंकेतांमुळे ते दिवस-रात्रीशी जुळलेले राहते. त्याच्या नियंत्रणाखाली पिनियल ग्रंथी अंधारात मेलॅटोनिन हे संप्रेरक स्रवते. शरीरातील बहुतेक पेशींचीही स्वतःची घड्याळे असतात. या घड्याळांमागील जनुकीय यंत्रणा फळमाशीवरील संशोधनातून उलगडल्याबद्दल जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग यांना २०१७ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

रोगप्रतिकारशक्ती

दाह आवरणाऱ्या कॉर्टिसॉलची पातळी सकाळी सर्वाधिक असते. रात्री ती घटते, तेव्हा रक्तातील लसीका पेशींची संख्या वाढते. इंग्लंडमध्ये ६५ वर्षांवरील व्यक्तींवर झालेल्या आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, फ्लूची लस दुपारऐवजी सकाळी घेणाऱ्यांमध्ये विषाणूच्या तीनपैकी दोन प्रकारांविरुद्ध अधिक प्रतिपिंडे आढळली.

गर्भारपण

गर्भातील निम्मी जनुके पित्याकडून आलेली असल्याने मातेच्या प्रतिकारयंत्रणेला गर्भ सहन करावा लागतो आणि त्याच वेळी संसर्गापासून संरक्षणही द्यावे लागते. गर्भाची स्वतःची मेलॅटोनिनची लय नसते. मातेचे मेलॅटोनिन वारेतून गर्भापर्यंत पोहोचते व त्याला दिवस-रात्रीचा संकेत देते. जन्मानंतर बाळाची स्वतःची लय तयार होण्यास साधारणतः दोन ते तीन महिने लागतात. मेलॅटोनिन ऑक्सिटोसिनच्या जोडीने गर्भाशयाचे आकुंचन वाढवते. नैसर्गिक प्रसूतिकळा बहुधा रात्री सुरू होण्यामागे हे एक कारण मानले जाते. रक्तदाब एरवी रात्री उतरतो, मात्र प्री-एक्लॅम्प्सियामध्ये ही घट कमी होते किंवा नाहीशी होते.

रात्रपाळी

रात्रीच्या प्रकाशामुळे मेलॅटोनिनचे स्रवण दबते. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डेन्मार्कमधील अभ्यासात २२,७४४ गर्भवती कर्मचाऱ्यांची माहिती तपासण्यात आली. आठव्या आठवड्यानंतर एका आठवड्यात दोन किंवा अधिक रात्रपाळ्या केलेल्या स्त्रियांमध्ये पुढील आठवड्यात गर्भपाताचा धोका सुमारे ३२ टक्क्यांनी अधिक आढळला. हा निरीक्षणात्मक अभ्यास असल्याने त्यातून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. तथापि परिचारिकांसारख्या पाळीत काम करणाऱ्या गर्भवतींच्या कामाच्या वेळा ठरवताना तो विचारात घेण्याजोगा आहे.